वर्गशिस्त, प्राथमिक शाळेतील
प्राथमिक शाळेच्या वर्गात अध्ययन-अध्यापन सुरळीत चालावे, प्रत्येक मुलास तेथे सुरक्षित वाटावे आणि क्रमाक्रमाने त्याच्या अंगी आत्मनियमन यावे, यांसाठी शिक्षक जी मांडणी, जे संकेत व जे वर्तन योजतो, त्यांस एकत्रितपणे वर्गशिस्त असे म्हणतात. वर्गव्यवस्थापन ही त्याहून व्यापक संज्ञा असून तीत बैठक, साहित्य, वेळापत्रक, पाठाची आखणी व विद्यार्थ्यांचे गट यांचाही समावेश होतो. व्यवहारात मात्र या दोहोंची फारकत करता येत नाही. कारण मुलांचे वर्तन बिघडते ते पुष्कळदा कामाची मांडणी बिघडल्यामुळेच. शांतता व शिस्त हे शब्द समानार्थी मानणे चुकीचे आहे. हाताची घडी घालून बसलेला वर्ग शांत असेल, पण त्यात कोणी काही शिकत असेलच असे नाही. उलट गटागटांत बसून कुजबुजत मोजणी करणारा वर्ग शिस्तबद्ध असू शकतो.

वर्गशिस्तीची तत्त्वे सर्वत्र सारखी असली, तरी त्यांची कसोटी लागते ती लहान, दुर्गम व अपुऱ्या शिक्षकांच्या शाळांत. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या लगतच्या तालुक्यांत अशा शाळांबरोबरच बागायती गावांतील मोठ्या शाळाही असल्याने, विषयाच्या विवेचनासाठी प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या परिसराचा आधार घेतला आहे.

ऐतिहासिक आढावा : इंग्रजी अमदानीपूर्वी महाराष्ट्रात पंतोजींच्या शाळा होत्या. एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळात भरणाऱ्या या शाळांत निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसत, धूळपाटीवर अक्षरे गिरवीत व पाढे, मोडी वाचन-लेखन आणि हिशेब शिकत. प्रत्येक मूल आपापल्या गतीने पुढे जाई आणि मोठी मुले लहानांना शिकवीत. छडी, अंगठे धरणे, उठाबशा यांसारख्या शिक्षा सर्रास होत. या शाळांची व्यवस्था लवचिक होती, पण तिचा धाक कठोर होता, असे थोडक्यात म्हणता येईल. मोठ्या मुलांकरवी लहानांना शिकविण्याची भारतातील ही रीत अँड्रू बेल (१७५३–१८३२) या धर्मोपदेशकाने मद्रास येथील अनाथालयाच्या शाळेत वापरली आणि १७९७ मध्ये तिचे वर्णन इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले. बेल व जोसेफ लँकेस्टर (१७७८–१८३८) यांच्यामुळे ती ‘मॉनिटर पद्धती’ म्हणून यूरोपात पसरली. वर्गप्रमुखास आजही ‘मॉनिटर’ म्हणतात, तो या पद्धतीचाच अवशेष होय.

सरकारी शाळांचा प्रसार झाल्यावर इयत्तांची उतरंड, ठराविक क्रमिक पुस्तके व निरीक्षकांची तपासणी यांमुळे ‘एक वर्ग, एक पुस्तक, एक शिक्षक’ हा साचा रूढ झाला. ग्रामीण मुलांच्या शाळेतील वर्तनाचा व गैरहजेरीचा संबंध त्यांच्या परिस्थितीशी जोडून पाहणाऱ्यांत जोतीराव फुले (१८२७–९०) अग्रगण्य होत. हंटर शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात, प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित व शक्यतो शेतकरी वर्गातील असावेत, म्हणजे ते मुलांत मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील, असे त्यांनी सुचविले होते.

विसाव्या शतकात मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांच्या विचारांनी वर्गशिस्तीची कल्पना मुळापासून बदलली. मूल योग्य साहित्याशी एकाग्रतेने काम करू लागले की शिस्त त्याच्या आतूनच उमलते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे विचार गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) व ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भारतीय परिस्थितीस जुळवून घेतले. ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ (१९१०–९२) यांच्यासह वारली मुलांसाठी केलेले अंगणवाडी व कुरणशाळा हे प्रयोग विशेष प्रसिद्ध आहेत. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच कुरणात जावे, ही कुरणशाळेमागील कल्पना होती. मुलाला शाळेच्या साच्यात बसविण्याऐवजी शाळेचा साचा मुलासाठी बदलावा, हा तिचा आशय वर्गशिस्तीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. कोल्हापूर येथे लीला पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय हाही याच परंपरेतील एक उल्लेखनीय प्रयोग होय.

जुन्नर-आंबेगाव परिसर : या दोन्ही तालुक्यांची पश्चिम बाजू सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेली, अतिपावसाची व डोंगराळ असून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. घाटघर, अंजनावळे, हातवीज (जुन्नर) किंवा आहुपे, तिरपाड, कोंढवळ (आंबेगाव) अशा पश्चिमेकडील गावांत महादेव कोळी व ठाकर या आदिवासी जमातींची वस्ती मोठी आहे. भात, नाचणी, वरई ही तेथील पिके असून हिरडा गोळा करणे हे उपजीविकेचे पूरक साधन आहे. नारायणगाव, आळे, मंचर या मधल्या पट्ट्यात कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर ऊस, टोमॅटो, कांदा व द्राक्षे पिकतात. तर पूर्वेकडील आणे पठार आणि लोणी-धामणी हा भाग अवर्षणप्रवण आहे. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळ आंबेगाव हे गाव बुडाले असून तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव येथे आहे.

या भूगोलाचा वर्गातील वर्तनाशी निकटचा संबंध आहे. भाताच्या आवणीच्या व हिरडा वेचण्याच्या दिवसांत घरातील मोठ्या मुलांचे हात कामाला लागतात. पश्चिमेकडील अनेक कुटुंबे शेतीची कामे उरकल्यावर बागायती पट्ट्यात मजुरीस उतरतात. विघ्नहर व भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात बाहेरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगार येतात आणि त्यांची मुले अर्ध्या वर्षात नव्या शाळेत दाखल होतात. उसाच्या शेतांत बिबट्यांचा वावर असल्याने मुले घोळक्याने येतात व दिवस मावळण्यापूर्वी घरी पोहोचण्याची त्यांना घाई असते. ओढ्यांना पूर आला की वाड्यावस्त्यांवरील मुलांची वाट बंद होते. उशिरा येणे, मध्येच उठून जाणे, अनेक दिवस न येणे व परतल्यावर पाठ न समजल्याने चुळबुळ करणे, या सर्वांची नोंद हजेरीपटात किंवा शेऱ्यात ‘बेशिस्त’ अशी होऊ शकते. प्रत्यक्षात तो परिस्थितीचा परिणाम असतो.

पश्चिम भागातील कित्येक शाळांची पटसंख्या अल्प आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत विद्यार्थी असल्यास दोन शिक्षक असावेत, असा निकष आहे. म्हणजे निकष पूर्णपणे पाळला, तरी चार किंवा पाच इयत्ता दोघांनी सांभाळावयाच्या असतात आणि एक शिक्षक रजेवर, प्रशिक्षणास किंवा अन्य शासकीय कामावर गेला की त्या सर्व एकावर येतात. यास बहुवर्ग अध्यापन असे म्हणतात. एका शिक्षकाने ४० मिनिटांची तासिका चार इयत्तांत समान वाटली, तर प्रत्येक इयत्तेच्या वाट्यास १० मिनिटे येतात व उरलेली ३० मिनिटे त्या मुलांना शिक्षकाविना काढावी लागतात. पाच तासांच्या अध्यापनात हा काळ पावणेचार तासांचा होतो. दोन शिक्षक हजर असून प्रत्येकाकडे दोन इयत्ता असल्या, तरी तो अडीच तास भरतो. या वेळात मुलांच्या हातांना व डोक्याला काम नसेल, तर ती गोंगाट करतील, एकमेकांच्या खोड्या काढतील किंवा बाहेर जातील, हे उघड आहे. बहुवर्ग शाळेतील बेशिस्तीचे सर्वांत मोठे कारण मुलांचा स्वभाव नसून हा रिकामा वेळ होय.

वर्तनाची इतर कारणे : भाषा हे दुसरे महत्त्वाचे कारण आहे. महादेव कोळी व ठाकर मुलांच्या घरची मराठी आणि क्रमिक पुस्तकाची मराठी यांत उच्चार, शब्द व प्रत्यय यांचे अंतर असते. प्रश्न विचारताच खाली मान घालून गप्प बसणारे मूल हट्टी किंवा मठ्ठ ठरविले जाते. वास्तविक ते प्रश्नाचा अर्थ लावीत असते किंवा आपल्या बोलीला इतर मुले हसतील म्हणून बोलत नसते. पहिल्या इयत्तेत मुलाचे उत्तर त्याच्या बोलीत स्वीकारून मग प्रमाण रूप सहजपणे सांगितले, तर ही कोंडी फुटते. वरील अधिनियमातही शिक्षणाचे माध्यम शक्यतो मुलाची मातृभाषा असावे, असे म्हटले आहे.

भूक, अपुरी झोप, दूरची पायपीट, श्रवण वा दृष्टी यांतील दोष, अध्ययनातील अक्षमता आणि अतिचंचलता ही व्यक्तिगत कारणे होत. वारंवार सूचना देऊनही न ऐकणाऱ्या मुलाला खरोखरच ऐकू येते की नाही, हे शिक्षकाने प्रथम पाहावे. पावसाळी प्रदेशात सर्दी व कानाचे विकार यांमुळे तात्पुरता बहिरेपणाही येऊ शकतो. घरातील व्यसन, मारहाण वा मृत्यू यांचे पडसाद वर्गात उमटतात. आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी दरड कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. अशा आपत्तीनंतर परिसरातील मुलांत दचकणे, एकाएकी चिडणे, अबोल होणे वा शिक्षकास चिकटून बसणे ही लक्षणे दिसू शकतात. त्यांवर दटावणी हा उपाय नसून नेहमीचा दिनक्रम लवकर सुरू करणे, मुलांना बोलू देणे व गरजेप्रमाणे तज्ज्ञांची मदत घेणे हितावह ठरते. जात, जमात वा भटक्या जीवनावरून चिडविणे हेही भांडणांचे मूळ असते. त्याकडे मुलांतले भांडण म्हणून दुर्लक्ष करणे इष्ट नव्हे.

शिक्षेचा प्रश्न : शारीरिक शिक्षेस शिक्षणव्यवस्थेत अजिबात स्थान असू नये, असे १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात नमूद झाले होते. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या शिक्षणहक्क अधिनियमाच्या कलम १७ अन्वये मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे यांस मनाई असून, उल्लंघन करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कोंबडा करणे, उन्हात उभे करणे, कान पिळणे याप्रमाणेच जातीवाचक वा अपमानास्पद बोलणे हेही या मनाईत येते. अभ्यासक्रम व मूल्यमापन यांनी मूल भय व चिंता यांपासून मुक्त व्हावे, असे कलम २९ मध्ये सांगितले आहे.

‘छडीवाचून विद्या नाही’ ही समजूत पालकांतही खोलवर रुजलेली आहे आणि ‘गुरुजी, हवे तेवढे मारा, पण शिकवा’ असे सांगणारा पालक गावोगावी भेटतो. छडीने गोंगाट तत्काळ थांबतो, हे खरे आहे. म्हणूनच तिचा मोह पडतो. तथापि शिक्षा काय करू नये एवढेच सांगते, काय करावे हे शिकवीत नाही. ती करणारा दूर होताच तिचा परिणाम ओसरतो. शिवाय बळ असलेल्याने दुबळ्यास मारावे, हा धडा मुले तिच्यातून घेतात व मधल्या सुट्टीत गिरवितात. डोंगराळ भागात तिचा आणखी एक परिणाम संभवतो. घर व रान यांत जिवापाड कामाची सवय असलेले मूल अपमान झाल्यावर शाळेला येणे बंद करते. घरी त्याच्या हातांना काम असतेच. त्यामुळे त्याला परत पाठविण्याची निकड कोणास वाटत नाही. शहरातील मुलास शिक्षा झाली तर तो दुसऱ्या दिवशी नाइलाजाने शाळेत जातो. वाडीवरील मुलाची शाळा तेथेच सुटू शकते.

संशोधनाचे निष्कर्ष : कुर्ट ल्यूइन (१८९०–१९४७), रॉनल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांवर केलेले प्रयोग १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. हुकूमशाही, लोकशाही व मोकाट अशा तीन प्रकारच्या नेतृत्वाखाली मुले कशी वागतात, हे त्यांत पाहिले होते. हुकूमशाही नेत्याच्या नजरेखाली काम पुष्कळ होई, पण तो खोलीबाहेर जाताच ते मंदावे. लोकशाही नेत्याच्या गटात मात्र तो नसतानाही काम चालू राही. बहुवर्ग शाळेच्या दृष्टीने हा निष्कर्ष कळीचा आहे. तेथे एका इयत्तेस शिकविणारा शिक्षक उरलेल्या इयत्तांच्या दृष्टीने सदैव ‘बाहेर गेलेला’ असतो. म्हणून धाकावर उभी असलेली शिस्त मोठ्या, एकवर्गीय शाळेत काही काळ टिकेल, परंतु घाटमाथ्यावरील दोनशिक्षकी शाळेत ती टिकूच शकत नाही.

जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने वर्गांच्या चित्रफिती तपासून १९७० मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. बेशिस्त झाल्यानंतर शिक्षक काय करतो, यावरून चांगला व वाईट चाललेला वर्ग ओळखता येत नाही; फरक असतो तो बेशिस्त होण्यापूर्वी शिक्षक काय करतो यात, असे त्याला आढळले. संपूर्ण वर्गाचे भान ठेवणे व ते मुलांना जाणवू देणे, एकाच वेळी दोन गोष्टी हाताळणे, पाठाची गती न अडखळता राखणे आणि एका कामातून दुसऱ्या कामात सुरळीत नेणे, ही त्याने सांगितलेली प्रमुख कौशल्ये आहेत. बी. एफ्. स्किनर (१९०४–९०) यांच्या प्रबलन सिद्धांतानुसार ज्या वर्तनाची दखल घेतली जाते ते वाढते. दिवसभर केवळ खोडकर मुलाचे नाव उच्चारणारा शिक्षक नकळत खोडीलाच खतपाणी घालतो. मात्र बक्षिसांचाही अतिरेक घातक ठरतो. लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या १९७३ मधील प्रयोगात, बक्षीस मिळणार असे आधी सांगून चित्रे काढून घेतलेल्या मुलांची चित्रकलेतील स्वाभाविक गोडी नंतर कमी झालेली दिसली.

मांडणीची तत्त्वे : बहुवर्ग शाळेत शिक्षकाविना करावयाच्या कामात तीन गुण असावे लागतात. ते मुलास न विचारता सुरू करता आले पाहिजे. ते बरोबर झाले की नाही हे त्याला स्वतः किंवा सोबत्याकडून पडताळता आले पाहिजे. आणि ते संपल्यावर पुढे काय करावयाचे, हे त्याला आधीच ठाऊक असले पाहिजे. यांपैकी एकाची उणीव असली, तरी मूल शिक्षकाकडे धावते, शिकविणे खंडित होते व पाहता पाहता सर्व वर्ग विस्कळीत होतो.

उदा., गणिताच्या तासिकेत पहिलीच्या मुलांनी चिंचोके मोजून अंकाच्या पाट्यांवर मांडावेत; दुसरीच्या मुलांनी काड्यांचे दहादहांचे जुडगे बांधून संख्या तयार कराव्यात; त्याच वेळी शिक्षकाने तिसरी व चौथीस मंचरच्या बाजारातील कांद्याच्या हिशेबाचे एकच उदाहरण द्यावे, त्यात तिसरीने बेरीज व चौथीने गुणाकार करावा. १५ मिनिटांनी वरच्या इयत्तांना सरावाची कार्डे देऊन शिक्षकाने खाली बसून पहिली-दुसरीकडे वळावे. कार्डामागे उत्तर लिहिलेले असल्यास पडताळणी मुले स्वतः करतात. गाणी, गोष्ट, परिसर अभ्यास, चित्रकला व खेळ हे विषय सर्व इयत्तांना एकत्र घेता येतात; त्यामुळे वाटून द्यावयाचा वेळ वाढतो. भिंतीच्या खालच्या भागावर मुलांच्या हाती पोहोचेल असा फळा रंगविणे, साहित्य टोपल्यांत ठेवून मुलांना ते स्वतः घेऊ व परत ठेवू देणे, बस्करे गोलाकार वा गटवार घालणे, यांस फारसा खर्च येत नाही.

मोठ्या मुलाने लहानास वाचून दाखविणे वा पाढे म्हणवून घेणे ही जुनी रीत आजही उपयुक्त आहे. मात्र वर्गप्रमुखास ‘बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही’ असे काम सोपविणे म्हणजे मुलांत पहारेकरी नेमणे होय. त्यातून चहाडी, पक्षपात व वैर वाढते. प्रमुखपद पाळीपाळीने सर्वांस, मुलींसही, मिळावे व त्याचे स्वरूप मदतीचे असावे. पाणी भरणे, बस्करे घालणे, परिपाठाचे संचालन, पोषण आहाराच्या वेळची वाढणी यांच्या पाळ्या ठरवाव्यात. विशिष्ट जातीच्या वा केवळ मुलींच्याच वाट्यास झाडलोट येणार नाही, याकडे कटाक्षाने लक्ष द्यावे. घरी धाकट्या भावंडांना सांभाळणारी, गुरे वळणारी मुले जबाबदारीस नवखी नसतात. शाळेने त्या गुणाची कदर केली, तर तीच मुले वर्गाचा आधार बनतात.

नियम मोजके, तीन ते पाच, असावेत. मुलांशी चर्चा करून ठरवावेत व ‘गोंधळ करू नये’ असे निषेधात्मक न ठेवता ‘दुसरा बोलत असताना ऐकावे’ असे करण्याजोगे असावेत. नियम सांगून भागत नाही. वर्षारंभीच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पाठाइतक्याच चिकाटीने त्यांचा सराव करून घ्यावा लागतो. मोठ्याने ओरडण्याऐवजी टाळीचा ठेका, गाण्याची ओळ किंवा वर केलेला हात असे ठरीव संकेत वापरल्यास शिक्षकाचा आवाज व प्रतिष्ठा दोन्ही शाबूत राहतात. प्रशंसा नेमकी असावी. ‘शाबास’ एवढे म्हणण्यापेक्षा ‘तू काड्या मोजून जागेवर ठेवल्यास’ असे म्हटल्याने कोणते वर्तन अपेक्षित आहे, हे इतरांसही कळते. हंगामानंतर परतलेल्या मुलास गैरहजेरीबद्दल सर्वांसमक्ष जाब विचारण्याऐवजी त्याचे स्वागत करावे, सोबती नेमून द्यावा व चुकलेल्या भागाची छोटी कार्डे द्यावीत.

अडचणीच्या वर्तनाची हाताळणी : किरकोळ चुळबुळीकडे दुर्लक्ष करणे, जवळ जाऊन उभे राहणे, नजर देणे, हळूच नाव घेणे व काम बदलून देणे, अशा क्रमाने उपाय योजावेत. भांडण झाल्यास प्रथम दोघांस वेगळे करून शांत होऊ द्यावे, नंतर दोन्ही बाजू ऐकाव्यात. परिणाम हा चुकीशी निगडित असावा. सांडले तर पुसावे, मोडले तर दुरुस्तीस हातभार लावावा. मधली सुट्टी, खेळ वा जेवण बंद करणे ही योग्य शिक्षा नव्हे, कारण चंचल मुलास हालचालीची गरज सर्वांत अधिक असते. समज द्यावयाची ती एकांतात व थोडक्यात द्यावी. रुडॉल्फ ड्राइकर्स (१८९७–१९७२) यांच्या मते मुलाच्या गैरवर्तनामागे लक्ष वेधणे, सत्ता गाजविणे, सूड घेणे किंवा स्वतःच्या असमर्थतेवर पांघरूण घालणे, यांपैकी एखादा हेतू असतो. वर्तन केव्हा, कोणत्या विषयाच्या तासिकेला व कोणाच्या शेजारी असताना घडते, याची आठवडाभर नोंद ठेवल्यास तो हेतू पुष्कळदा उलगडतो. गणितालाच पोट दुखणाऱ्या मुलाचे दुखणे बहुधा गणितात असते.

पालक व गाव : अधिनियमातील कलम २१ नुसार स्थापन होणाऱ्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक व निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. शिस्तीची चर्चा या समितीत होणे अगत्याचे आहे. आवणीचे दिवस, स्थलांतर, वाटेवरील बिबट्याचे भय, ओढ्याचा पूर यांवर तोड पालकांच्या सहकार्यानेच निघू शकते. हंगामी वसतिगृहांच्या योजनेमुळे स्थलांतरित पालकांच्या काही मुलांस गावीच राहून शिकता येते. घोडेगाव येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कक्षेतील आश्रमशाळांत मुले घरापासून दूर राहत असल्याने तेथे वर्गशिस्तीचा प्रश्न वसतिगृहातील जीवनाशी जोडलेला असतो. लहान मुलाचे रडणे, अंथरूण ओले करणे वा पळून जाणे याकडे अपराध म्हणून न पाहता घरची ओढ म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

मर्यादा : वर्गशिस्तीचा सर्व भार एकट्या शिक्षकाच्या कौशल्यावर टाकणे न्याय्य नाही. अशैक्षणिक कामे, अहवालांचा व्याप, रिक्त पदे, गळकी छपरे व अपुरे साहित्य यांमुळे उत्तम मांडणीही कोलमडते. सेवापूर्व प्रशिक्षणाचा आराखडा प्रायः एकवर्गीय शाळा गृहीत धरून केलेला असल्याने, वाडीवरील शाळेत प्रथमच रुजू झालेल्या शिक्षकास बहुवर्ग अध्यापन बहुधा अनुभवानेच शिकावे लागते. केंद्रशाळेतील शिक्षण परिषदा व जिल्हा शिक्षण आणि प्रशिक्षण संस्था यांनी ही उणीव भरून काढणे अपेक्षित आहे. छडी कायद्याने बंद झाली, पण तिच्या जागी काय वापरावे हे शिक्षकास पुरेसे शिकविले गेले नाही, तर दटावणी, टोमणे व हताश दुर्लक्ष हेच तिचे पर्याय उरतात. त्यांपैकी दुर्लक्षाने होणारी हानी सर्वांत अधिक असते. कारण गप्प बसलेल्या मुलाची तक्रार कोणी करीत नाही आणि त्याची शाळा केव्हा सुटली, हेही कोणाच्या लक्षात येत नाही. शिक्षक पाठमोरा असतानाही मुले आपापल्या कामात गढलेली असणे, हीच प्राथमिक शाळेतील वर्गशिस्तीची खरी कसोटी मानावी लागेल.